पानगळीच्या चित्राचा रंगसंच: रंग उत्तम, कागद सुमार

लहान मुलांकडून पानगळीचे चित्र करून घेण्यासाठी तयार केलेला एक रंगसंच आम्ही आणला आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसोबत लागोपाठ तीन रविवार वापरून पाहिला. लाल, पिवळा, निळा व पांढरा अशा चार रंगांच्या डब्या, जाड दांड्यांचे दोन कुंचले, पानाच्या आकाराचे स्पंजाचे ठसे आणि झाडाचे खोड आधीच छापलेले १० कागद असा त्यातील ऐवज आहे.

रंगांविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. बोटांनी लावायच्या रंगांसाठी युरोपात ईएन ७१ या खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकाचा ७वा भाग स्वतंत्रपणे आहे, आणि डबीवर त्याचा उल्लेख पाहूनच आम्ही हा संच निवडला होता. मुलांनी रंग चाटू नये म्हणून त्यात कडू द्रव्य घालणे या मानकानुसार आवश्यक असते. ते घातलेले आहे याची खात्री मुलीने पहिल्या पाच मिनिटांतच तोंड वाकडे करून पटवली. कपड्यावरचा ताजा डाग थंड पाण्याने निघतो, मात्र रात्रभर राहिलेला लाल डाग बाहीवर अजून फिकट गुलाबी दिसतो, त्यामुळे ‘धुऊन निघणारे रंग’ हा दावा तेवढ्यापुरताच धरावा. यातील लाल रंग नारिंगीकडे झुकणारा असल्याने त्यात निळा मिसळला की जांभळा न होता मातकट तपकिरी होतो. एरवी हा दोष ठरला असता. वाळक्या पानांसाठी तोच रंग नेमका हवा होता.

कागदाने मात्र निराशा केली. तो वहीच्या पानाइतका पातळ आहे, ओला रंग लागताच फुगून वर येतो आणि कुंचला त्याच जागी दुसऱ्यांदा फिरला की त्याचा लगदा सुटतो. दुसऱ्या रविवारी आम्ही दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा जाड ड्रॉइंग पेपर घेतला आणि चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला चिकटवले, तेव्हा कुठे काम सुरळीत झाले.

स्पंजाचे ठसे रंग भसाभस पितात आणि प्रत्येक पान सारखेच, गुबगुबीत उमटवतात. ते बाजूला ठेवून आम्ही खरी पाने घेतली. फार वाळलेले पान हाताळताना चुरते, म्हणून नुकतीच गळलेली पाने रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवली. रंग पानाच्या पाठीला लावायचा, कारण शिरा त्या बाजूने उठून दिसतात. मग रंगवलेली बाजू कागदावर टेकवून वर रद्दीचा तुकडा ठेवायचा आणि देठापासून टोकाकडे बोटांनी दाबत जायचे. मुलीने आधी मुठीने दणके दिले व पान सरकून नुसता डाग उमटला. चौथ्या खेपेस तिने देठ चिमटीत धरून पान हळूच उचलले, खाली उमटलेल्या शिरा निरखल्या आणि म्हणाली, “आई, पानात रस्ते आहेत!”

संचासोबतचे नमुना चित्र मुलांना दाखवू नये, असे मी आवर्जून सांगेन. त्यातील पाने छापील फांद्यांवर शिस्तीत बसवलेली आहेत, आणि ते पाहून पहिल्या रविवारी मुलगी “माझं चुकलं” म्हणत कुंचला ठेवून उठली होती. कोऱ्या कागदावर तिने सगळी पाने खाली, एकाच कोपऱ्यात ढीग करून छापली, आणि खोड काढायचे राहून गेले तरी तिला त्याचे काही वाटले नाही. उरलेले सात छापील कागद आम्ही आता टेबल खराब होऊ नये म्हणून उलटे अंथरतो.