टाकीचं झाकण: कंपनीचं, साधं की चावीचं?

गाडीच्या टाकीचं झाकण बदलायला गॅरेजमध्ये जावं लागत नाही. घराच्या अंगणात दहा मिनिटांत होणारं काम आहे. चूक होते ती झाकण निवडताना. म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत साधारण तीन प्रकार दाखवतात: गाडीच्या कंपनीचं पाकीटबंद झाकण, बाजारातलं साधं आणि बाजारातलंच चावीचं. गोव्याच्या हवेसाठी आमचा कौल कंपनीच्या झाकणाला. चावीचं सगळ्यात शेवटी.

याचं कारण झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. तिथल्या रबरी रिंगमुळे पेट्रोलची वाफ बाहेर जात नाही आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. मधे एक बारीक वाल्व असतो. पेट्रोल कमी होत जातं तशी टाकीत हवा यावी लागते, त्या वाटेवरचा हा वाल्व. तो अडकला की टाकीत निर्वात तयार होतो, पंपाला पेट्रोल खेचताना जोर लावावा लागतो आणि लांबच्या प्रवासात गाडी अडखळते. अशा वेळी झाकण उघडताच हवा जोरात आत खेचल्याचा आवाज येतो आणि गाडी पुन्हा नीट चालते. थोडा फुस्स आवाज मात्र नेहमीचाच, त्यानं घाबरू नये.

बाजारातल्या स्वस्त झाकणांत मार खातात ते हेच दोन भाग. रिंग हातात घेऊन नखानं दाबून बघा. नख काढताच खूण बुजली पाहिजे. दाबलेली खाच तशीच राहिली किंवा वाकवल्यावर केसाएवढ्या भेगा दिसल्या, तर ती रिंग पावसाळा काढणार नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, हलक्या रबराला ते सोसत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो, आणि पंप पेट्रोल उचलतो ते तळातूनच. जून ते सप्टेंबर अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीला सैल रिंग म्हणूनच महागात पडते.

चावीच्या झाकणाची अडचण वेगळी. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेनं आणि डिचोली-सत्तरीकडे लाल धुळीनं कुलूप घट्ट होतं. मग लोक त्यात तेल सोडतात, तेलाला धूळ चिकटते आणि चावी अर्ध्यावर अडते. तिथं सुकी ग्रॅफाइट पावडरच हवी. ही झाकणं जाडही असतात, काही गाड्यांत झाकणावरचं बाहेरचं छोटं दार पूर्ण मिटत नाही. दार आतून लिव्हरनं उघडत असेल तर दुसरं कुलूप हवंच कशाला? घ्यायचंच असेल तर दुकानातच गाडीला लावून बघा: चावी काढल्यावर झाकण नुसतं गरगर फिरलं पाहिजे, सुटता कामा नये.

खरेदीला जाताना जुनं झाकण आणि आरसी सोबत न्या. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढायला सांगा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत आटे वेगळे असू शकतात: काहींत तीन-चार वेढे, काहींत पाव फेरीतच अडकणारं. पेट्रोल गाडीला डिझेलचं झाकण ‘बसतंय ना’ म्हणून लावू नका, वाल्वची रचना वेगळी असू शकते. बीएस-६ डिझेल गाडीत शेजारी निळं झाकण दिसलं तर ते अॅडब्लूचं, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या वेगळ्या टाकीचं, त्याला हात लावायचा नाही.

बदलताना इंजिन बंद, गाडी थंड, जागा मोकळी, जवळपास विडी-सिगरेट किंवा पेटता दिवा नको. जुन्या झाकणाची प्लास्टिकची पट्टी दाराला एका खुंटीनं अडकवलेली असते. खुंटीचे कान मागून चिमट्यानं दाबले की ती सुटते. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर भोक फाटतं आणि नवी खुंटी धरत नाही. टाकीचं तोंड न सुटणाऱ्या धाग्यांच्या सुती फडक्यानं पुसा. कडेला गंज असेल तर तारेचा ब्रश मारू नका, कीस थेट टाकीत पडतो आणि ठिणगीचा धोका वेगळाच. गंजानं कड खडबडीत झाली असेल तर नवी रिंगही बसणार नाही, तिथं मात्र मेकॅनिकच बघावा लागेल. नवी खुंटी दाबून बसवा, झाकण सरळ धरून फिरवा. आट्यांचं असेल तर कट-कट आवाज येईपर्यंत, पाव फेरीचं असेल तर अडेपर्यंत. पट्टी रिंगखाली चिमटली नाही ना, हे बोट फिरवून तपासा. वाफेची गळती तपासणाऱ्या गाड्यांत सैल झाकणामुळे डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि पी ०४५७ हा बिघाडाचा कोड येतो. झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच जाईलच असं नाही, गाडीच्या काही फेऱ्या व्हाव्या लागतात.

पंपावर झाकण विसरलं तर तोंडात चिंधी कोंबू नका. ती पेट्रोल शोषते आणि वातीसारखी होते.

शेवटी एक बारीक जागा, जिकडे कुणी बघत नाही. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात तळाला पाणी जाण्याचं छोटं भोक असतं. पानं-माती अडकून ते बुजलं की पावसाचं पाणी झाकणाभोवती साचतं. झाकण घट्ट लावून अर्धी वाटी पाणी ओता. ते गाडीखाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर मऊ प्लास्टिकची नळी हलकेच आत-बाहेर करा, तार नको.