पर्पल कुश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पर्पल कुश या गांजाच्या वाणाची पहिली डबी मी रंगावर भुलून घेतली. काचेमागे ती गर्द जांभळी बोंडं बघितली आणि हेच हवं म्हणून बोट दाखवलं. आता डबी हातात घेतली की आधी पॅकिंगची तारीख बघते, मग झाकण उघडून वास घेते.

अनुभव कोणाचा हे कळावं म्हणून थोडं माझ्याबद्दल. वय ५४, अमेरिकेची नागरिक, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडपासून अर्ध्या तासावर राहते. मणक्याची गादी सरकून सहा वर्षं झाली आणि पाळी गेल्यापासून झोपेचं पार खोबरं झालं होतं. रात्री दोनला टक्क जाग, मग पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं. डॉक्टरांपुढे चालू गोळ्यांची सगळी यादी ठेवली, त्यांच्याशी नीट बोलले आणि मगच सुरुवात केली. ही पायरी कुणी गाळू नका. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर गांजामुळे त्याचा परिणाम वाढू शकतो.

पर्पल कुश हा हिंदुकुश आणि पर्पल अफगाणी या दोन वाणांचा संकर, ऑकलंडच्या मध्यवस्तीतल्या 'ओक्स्टरडॅम' भागातून नावारूपाला आलेला. त्याचं मूळ अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या हिंदुकुश डोंगररांगेत आहे, जिचं तिरिच मीर हे शिखर ७,७०८ मीटर उंच आहे. ज्वारी-बाजरीत आपण ज्याला गावरान वाण म्हणतो, तसं ते मूळ बियाणं तिथलं गावरान. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खोऱ्यात पेरलेलं, त्याच हवेत मुरलेलं. डोंगरात हंगाम आखूड, थंडी लवकर पडते, म्हणून झाड बुटकं राहिलं, लवकर फुलायला शिकलं, पानं रुंद झाली आणि फुलोरा राळेने चिकट. तिकडे वाळलेला फुलोरा चाळून त्या भुकटीचा चरस करतात. आपल्या हिमाचलात, मलाण्याला, ओला फुलोरा तळहातांवर चोळून राळ काढतात. १९६० आणि ७०च्या दशकांत त्या वाटेने भटकणाऱ्या प्रवाशांबरोबर हे बियाणं कॅलिफोर्नियात आलं. परागकण वाऱ्यावर जातात, त्यामुळे संकरित बियाणं उलट त्या खोऱ्यांत पोचलं की मूळ गावरान वाण भेसळतं. ही गोष्ट मला खरोखर लागते. आजीच्या परसातल्या वालाचं बी असंच हरवलेलं मी पाहिलंय.

शिवणाच्या पेटीतलं भिंग काढून एक बोंड नीट बघितलं. दुकानाच्या दिव्याखाली सगळंच जांभळं वाटलं होतं, पण जांभळेपणा बाहेरच्या लहान पानांच्या कडांना होता, आत शेवाळी हिरवा. मधूनमधून केशराच्या काड्यांसारखे तुरे. आणि सगळ्यावर गोल डोक्याच्या काचेच्या टाचण्या रोवल्यासारखी राळ. कामाचा ऐवज सगळा त्या टाचण्यांच्या डोक्यांत असतो. जांभळा रंग येतो अँथोसायनिनमुळे, जे कोकमात असतं आणि जांभळातही. कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग पालटतो, ती करामत त्याचीच. वाणाच्या रक्तात तो गुण असेल आणि फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री गार पडल्या, तर हिरवा उतरून जांभळा वर येतो. नशेशी, झोपेशी त्याचा काही संबंध नाही.

वासाचं मात्र तसं नाही. चांगल्या डबीचं झाकण उघडलं की नाशिकच्या काळ्या द्राक्षांची पेटी उघडल्यासारखा वास येतो, मागून ओली माती आणि कुटलेली मिरी. मिरीचा भास उगाच नाही, कॅरिओफिलीन हे सुगंधी द्रव्य मिरीत असतं तसं यातही असतं. दुसरं मिरसीन, जे गवती चहातही सापडतं.

माझी पद्धत एकच. धूर नाही, फुलोरा न जाळता वाफ करणारा व्हेपोरायझर १८० अंश सेल्सिअसवर, ग्रॅमचा दहावा हिस्सा, रात्री साडेनऊला दोन झुरके. दहा मिनिटांत आधी जबडा सुटतो, मग खांदे खाली येतात. कंबरेचं दुखणं जात नाही. शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं ते होतं, ऐकू येतं पण त्यात आपल्याला पडायचं नसतं. साडेदहाला डोळे मिटतात. पहिल्या महिन्यात सलग सहा तास झोपले आणि सकाळी ओट्यापाशी उभी राहून रडले, इतकं बरं वाटलं.

त्रासही सांगते. तोंडाला कोरड पडते, ताकाचा पेला उशाशी ठेवावा लागतो. दहाच्या सुमारास खा-खा सुटते. एकदा अंथरुणातून झटकन उठले आणि न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली, बेसिन धरून खाली बसले. उभं राहताना रक्तदाब असा पडू शकतो, तेव्हा आधी काठावर दोन मिनिटं बसायचं. झुरके घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा.

तिसरी डबी दुसऱ्या एका दुकानातून आणली. नाव तेच, पहिल्यापेक्षाही जांभळी. बोटांत धरली तर भाजलेल्या पापडासारखा चुरा, वास वाळल्या कडब्याचा. पॅकिंगची तारीख बघितली तर अकरा महिन्यांपूर्वीची. डोकं जड झालं, झोप आलीच नाही. दुकानाने परत घ्यायला नकार दिला. त्यानंतर वाचायला लागले. २०२१ मध्ये 'नेचर प्लांट्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की दुकानात गांजाचे प्रकार म्हणून लावलेली 'इंडिका', 'सटायव्हा' ही लेबलं झाडाच्या एकूण वंशाशी फारशी जुळत नाहीत, जुळतात ती थोड्याच सुगंधी द्रव्यांशी. 'इंडिका' हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिलं होतं, दुकानात मात्र त्याचा अर्थ 'अंग सैल करणारं' एवढाच उरलाय. मी आता प्रयोगशाळेच्या अहवालात मिरसीन वर आहे का बघते. टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १८-१९ टक्के असलं तरी मला पुरतं. २८ टक्क्यांचं एकदा घेतलं, तर छाती धडधडत राहिली.

चौथ्या महिन्यात दोनाचे पाच झुरके झाले. शरीराला सवय लागते, हे कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून मी सांगते. तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं. पहिला आठवडा वाईट गेला, चिडचिड आणि तुटक झोप. आणि स्वप्नं! नाशिकचा वाडा, त्याचा लाकडी जिना, आजीची जरीची चोळी, सगळं लख्ख. टीएचसीने स्वप्नांची झोप दबते आणि थांबवलं की ती उसळून वर येते. आता आठवड्यातून तीनच रात्री घेते. दोन झुरके पुन्हा पुरतात.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्पच झाली. "अगं, म्हणजे कुंभात साधूंच्या चिलमीत असायचा तो?" हो म्हटलं, त्याचाच डोंगराकडचा भाऊबंद. "झोप लागते ना? मग जपून घे. आणि इकडे येताना आणू नकोस हो."

आई बरोबर बोलली. भारतात १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाचा फुलोरा बाळगणं गुन्हा आहे. इथेही कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्यांना मोकळीक असली तरी केंद्राच्या कायद्यात नाही, म्हणून विमानतळावर न्यायचाच नाही. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांना हात जोडून सांगते, वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. राज्यात चालतं म्हणून नागरिकत्वाच्या अर्जात चालेल असं नाही.

सध्याची डबी ३.५ ग्रॅमची आहे, माझ्या हिशेबाने अडीच महिने जाते. किमतीवर कर वेगळा पडतो, तो धरून महिन्याला वीस डॉलरच्या आत बसते. काचेच्या बरणीत ओलावा राखणारी पुडी टाकून, भाचरं येतात म्हणून कुलपाच्या पेटीत ठेवलीय. यावेळचा रंग जवळजवळ हिरवाच आहे. वास द्राक्षांचा आहे, आणि काल रात्री पावणेसहापर्यंत झोपले.