दिवाळीत सहकुटुंब परदेशी: सिंगापूर की मॉरिशस?

दिवाळीच्या आठवड्यात घराबाहेर पडायचं, पण सण चुकवायचा नाही, असं ठरवणाऱ्यांना हे दोन्ही पर्याय चांगले. दोन्हीकडे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते.

सिंगापुरात लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवर आधीच काही आठवडे रोषणाई लागते. संध्याकाळी फुलांच्या गजऱ्यांचा वास, मिठायांचे स्टॉल आणि गर्दी. वीरमाकालीअम्मन मंदिरही त्याच रस्त्यावर. मुलं लहान असोत की आजी-आजोबा गुडघेदुखीचे, मेट्रोमुळे फिरणं सोपं जातं आणि शाकाहारी जेवणाची चिंता नसते. पण व्हिसा आधी काढावा लागतो, हॉटेलं महाग, आणि नोव्हेंबरात पावसाची सर कधीही येते. फटाक्यांवर तिथे 1972 पासून बंदी आहे. दम्याच्या माणसाला यासारखं सुख नाही.

मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. सण तिथे घराघरांत असतो, त्रिओलेसारख्या गावात संध्याकाळी अंगणाअंगणात पणत्या दिसतात. ऊसमळ्यांवर काम करायला गेलेल्या कोकणी माणसांचे वंशज आजही तिथे मराठी सण पाळतात, हे आपल्या मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. गंगा तलाव आणि तिथली 33 मीटर उंच शंकराची मूर्तीही बघाच. अडचण एकच: गाडी भाड्याने घेतल्याशिवाय बेट नीट फिरता येत नाही. मात्र वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने.

चार दिवसच हाती असतील तर सिंगापूर. आठवडा मोकळा असेल तर माझं मत मॉरिशसला.