कोकणातल्या घाटांसाठी छोटी गाडी: लोअरिंग स्प्रिंग, मागचा बार की नवे शॉकअप?

पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक आंबा घाटातल्या वळणाला जरा जोरात घातली की तिचं नाक बाहेर जातं. स्टिअरिंग आणखी वळवलं तरी ती हवी तेवढी आत येत नाही. अशा गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असतं आणि ओढणं, वळवणं ही दोन्ही कामं पुढच्याच टायरांवर पडतात. कंपन्याही मुद्दाम गाडी अशीच बसवतात, कारण घाबरलेला माणूस आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि नाक बाहेर जाणारी गाडी तेवढ्याने सावरते. हा कल कमी करायचा तर पुढच्या-मागच्या टायरांवर भाराची वाटणी बदलावी लागते. गाडी नुसती कडक केली की छान वळते, हा गॅरेजमधला लाडका समज आहे, आणि त्यावर बरेच पैसे वाया जातात.

हातात एकाच कामाचे पैसे असतील तर साधारण तीन पर्याय समोर येतात. कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड, मी धरतच नाही. खाऱ्या वाऱ्यात त्यांचे आटे गंजून धरतात आणि ज्या उंची बदलण्यासाठी ते घेतले तीच पुढे बदलता येत नाही.

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारे कडक स्प्रिंग, दिसायला देखणे. पण आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली बसवली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं, कलण्याची ओढ वाढते आणि स्प्रिंगचा नवा कडकपणा त्यातच खर्च होतो. दुसरी गोष्ट चाकाच्या वर-खाली हालचालीची. ती कमी झाली की गाडी लवकर बंप स्टॉपच्या, म्हणजे हालचाल शेवटी अडवणाऱ्या, रबरावर टेकते आणि त्या क्षणी ते टोक एकदम कडक होतं. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघालात की मागची बाजू आधीच दबलेली असते. त्यात वळणात खड्डा आला आणि मागचा बंप स्टॉप लागला, तर शेपूट सुटू शकते. मूळची जमिनीपासूनची उंची १६०-१७० मि.मी., त्यातले तीस गेले तर आपल्या वाड्या-वाड्यांतले गतिरोधक आणि डांबराच्या कडेला खचलेला जांभा यांतून गाडी खालून लागल्याशिवाय निघायची नाही. फोटोसाठी घ्यायचे तर घ्या.

मागचा अँटी-रोल बार, म्हणजे मागची दोन चाकं जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी, मात्र खरोखर समतोल बदलतो. वळणात भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरकतो. बारमुळे या सरकण्याचा जास्त वाटा मागचा ॲक्सल उचलतो. पुढच्या दोन टायरांत भार त्यातल्या त्यात समान राहतो, पकड वाढते, नाक आत येतं. वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक कमी फिरतं, हा वरचा फायदा. तीन पर्यायांत पैशाच्या मानाने फरक सर्वांत जास्त इथेच कळतो. फेब्रुवारीत कोरड्या कुंभार्ली घाटात असा बार लावलेली गाडी चालवून बघा, उतरावंसं वाटणार नाही.

जूननंतर तोच बार अंगावर येतो. नाकाकडची पकड मागच्या टायरांच्या खात्यातून आलेली असते. आंबोलीत झाडांखालचं शेवाळ, दरडीतून रस्त्यावर आलेली लाल माती, आणि धुक्यात अचानक समोर आलेली एसटी. पाय सुटतो, भार पुढे जातो आणि हलकं झालेलं मागचं टोक बाहेर फिरतं. सवय नसलेल्याला ते सावरत नाही. शिवाय बार दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो, त्यामुळे एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या चाकालाही जातो.

चांगल्या शॉकअपची, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्यांची, जाहिरात करणं अवघड, कारण एकसारख्या लांब वळणात ते समतोल जवळपास बदलत नाहीत. शॉकअप ठरवतो तो भार किती वेगाने सरकेल ते. पण आपल्याकडे एकसारखं लांब वळण आहे कुठे? डावं संपायच्या आत उजवं, मध्ये डांबराचं ठिगळ, पुढे पुलाचा सांधा. अशा रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहिला तरच बाकीच्या गणिताला अर्थ. मूळ उंचीच्या स्प्रिंगला जुळणारे, किंचित घट्ट, गॅस भरलेले शॉकअप घ्या. फार कडक नकोत. स्प्रिंग परत उघडायला वेळ लागला तर लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली-खाली बसत जाते. बदलायचे ते जोडीने, आणि सोबत माउंटिंग, बंप स्टॉप नि डस्ट कव्हरही. कव्हर फाटलं की किनाऱ्यावरच्या हवेत शॉकअपच्या रॉडवर गंजाचे टिपके पडतात आणि ते सील खातात.

माझा कौल शॉकअपला. बारा महिने गाडी चालवणाऱ्या, घरच्यांच्याही हाती चावी देणाऱ्या माणसाने दुसरीकडे बघूच नये. गाडी एकट्याची असेल, पावसाळ्यात ती फारशी निघत नसेल आणि शॉकअप धड असतील, तर बार. तोही कडकपणा कमी-जास्त करायला दोन-तीन भोकं असलेला, आणि आधी सर्वांत मऊ भोकात.

यातलं काहीही घेण्याआधी टायर बघा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका. पुढचे लवकर झिजतात म्हणून नवे पुढे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ओल्या रस्त्यावर शेपूट सुटण्याचं ते सोपं कारण आहे. मग अलाइनमेंट करून दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे टायर थंड असताना हवा भरा आणि पुढच्या चाकांत दोन पीएसआयने वाढवून बघा. बऱ्याच जणांची तक्रार इथेच निम्मी होते. जीर्ण लोअर आर्म बुश आणि लिंक रॉडही त्याच फेरीत तपासून घ्या.

कागदाचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे बार किंवा स्प्रिंग लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. आणि काहीही लावलं तरी मेकॅनिकला प्रत्येक बोल्टला ग्रीस लावायला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी तो काढायला गॅस कटर लागतो.