म्युझिकब्रेन्झचा आरडीएफ व्ह्यू ताजा ठेवणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. रिलेशनल डेटाबेसवरचा आरडीएफ व्ह्यू, म्हणजे टेबलांतली माहिती ‘कर्ता-संबंध-कर्म’ अशा तीन भागांच्या विधानांत (ट्रिपलमध्ये) मांडलेला अवतार, साठवून ठेवायचा असेल तर एकेक ट्रिपल जोडत-पुसत बसू नका. ज्या नोंदीला धक्का लागला तिचा अख्खा ग्राफ (तिच्या ट्रिपलांचा गट) पुसा आणि नव्याने लिहा. माझी मांडणी याच तत्त्वावर चालते, आणि ती बदलायचा माझा तरी विचार नाही.

घरच्या मशीनवर म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशाची पोस्टग्रेस मिरर, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसमधली हुबेहूब प्रत, आहे. तिच्यावर आर२आरएमएलमधलं मॅपिंग, म्हणजे कोणत्या ओळीचे कोणते ट्रिपल करायचे याचे नियम; आर२आरएमएल ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची २०१२ची शिफारस, आजही पुरते. तयार ट्रिपल जातात जेना फ्युसेकीत, म्हणजे ट्रिपल साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये. म्युझिकब्रेन्झ दर तासाला रेप्लिकेशन पॅकेट (मूळ डेटाबेसमधल्या बदलांचं गाठोडं) सोडतं. टोकन (प्रवेशाची चावी) काढलं की बिगरव्यावसायिक वापराला पैसे पडत नाहीत. पॅकेटं क्रमानेच लावावी लागतात. कोणत्या टेबलातली कोणती ओळ बदलली हे त्यातच आयतं मिळतं, त्यामुळे मी एकही ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) लिहिला नाही.

प्रत्येक रिलीजला (प्रकाशित अल्बमला) स्वतंत्र नेम्ड ग्राफ, म्हणजे स्वतःचं नाव असलेला ग्राफ, दिलाय. भीमसेन जोशींचं नाव सांगणारं ट्रिपल त्यांच्या प्रत्येक अल्बमच्या ग्राफमध्ये पुन्हा येतं. एक अल्बम काढला गेला तरी बाकीच्या ग्राफांत ते शाबूत राहतं, म्हणजे कोणतं ट्रिपल किती ओळींतून आलं याचा हिशेब ठेवायला नको. क्वेरी सगळ्या ग्राफांच्या युनियनवर चालवायची, तिथे ते एकदाच दिसतं. डिस्क जास्त खाते. खाऊ दे.

खरा घाम निघतो तो धक्का कुणाकुणाला लागला हे शोधताना. रिलीजच्या ओळीत कलाकार नसतो, आर्टिस्ट क्रेडिटचा (अल्बमवर कलाकारांची नावं जशी दिली त्या नोंदीचा) क्रमांक असतो. तिथून आर्टिस्ट क्रेडिट नेम, मग आर्टिस्ट. कुणी आर्टिस्ट टेबलात एका नावाचं स्पेलिंग सुधारलं की बदलते एकच ओळ, पण पुन्हा लिहायचे ग्राफ निघतात ढीगभर. म्हणून मॅपिंगमध्ये आलेल्या प्रत्येक टेबलासाठी एक उलटी क्वेरी लागते: ही ओळ बदलली तर कोणते रिलीज? ती हातानेच लिहावी लागली, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

शिवाय ही क्वेरी पॅकेट लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा, अशी दोनदा चालवायची. ट्रॅकची ओळ डिलीट झाल्यावर ती कोणत्या मीडियमची (सीडी, कॅसेट वगैरे), पर्यायाने कोणत्या रिलीजची होती हे टेबलाला विचारून काय मिळणार? मीडियम एका रिलीजवरून दुसऱ्यावर हलवलं तर जुना रिलीज फक्त आधीच्या स्थितीतच सापडतो. नंतरचीच क्वेरी चालवणाऱ्याच्या स्टोअरमध्ये भुताटकीचे ट्रिपल साचत जातात आणि एररही येत नाही.

दुबार कलाकार एकत्र केले की जुना आयडी रीडायरेक्टच्या (जुन्यावरून नव्याकडे वळवणाऱ्या) टेबलात जातो. त्यावरून ‘दोन्ही एकच’ असं सांगणारं सेम-अ‍ॅजचं ट्रिपल वेगळ्या ग्राफमध्ये ठेवलंय, म्हणजे जुन्या यूआरआयला (वेबवरच्या ओळखपत्त्याला) जोडलेले बाहेरचे दुवे लटकत नाहीत. ही सोय मला फार आवडते.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर ऑनटॉप हे साधन बघा. स्पार्कलचं (आरडीएफच्या क्वेरी भाषेचं) एसक्यूएल (रिलेशनल डेटाबेसची क्वेरी भाषा) करून थेट डेटाबेसलाच विचारतं, साठवणूक नाही, म्हणून शिळं होण्याचा प्रश्नच नाही. ठरलेल्या, आखूड क्वेरी असतील त्यांनी तेच घ्यावं. माझ्या क्वेरी लांबलचक वाटा चालतात आणि दुसरा डेटाही जोडतात, शिवाय मिररवर तो भार नको होता. तासाभराची शिळी माहिती मला चालते.

स्कीमा (टेबलांची रचना) बदलला की मात्र कुठलीच हुशारी कामाची नाही. अपग्रेड होईपर्यंत रेप्लिकेशन थांबतं, मॅपिंग आणि उलट्या क्वेरी पुन्हा तपासाव्या लागतात, आणि मग सगळे ग्राफ पहिल्यापासून बांधायचे. टीडीबी२ (जेनाचा साठा) वापरत असाल तर कॉम्पॅक्टचा क्रॉनही (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) लावून ठेवा, पुसलेल्या ट्रिपलची जागा त्याशिवाय मोकळी होत नाही.