कंद एक नंबर, सोबतचं केअर कार्ड मात्र कचऱ्यात टाका

मिक्स कंदांचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, कॅलेडियम (रंगीत पानांचं शोभेचं झाड), फुटबॉल लिली, कळलावी आणि ट्यूलिप. मालाबद्दल तक्रार नाहीच, भुशात नीट पॅक केलेला, दाबून बघितलं तर सगळे कंद टणक, बुरशी नाही की कुबट वास नाही. कळलावीचा कंद दोन्ही फाट्यांसकट अख्खा आला हे विशेष, कारण तिचा कोंब टोकालाच असतो, टोक मोडलं की खेळ खल्लास.

पण ते कार्ड! "रोज पाणी द्या, वर्षभर हिरवंगार." अरे कुणी लिहिलंय हे? कॅलेडियमची पानं सीझन संपत आला की माना टाकतात, पिवळी पडतात आणि मग कुंडी चक्क रिकामी दिसते. झाड मेलेलं नसतं, पानांनी बनवलेलं सगळं खाली कंदात स्टार्च म्हणून साठवून झोपलेलं असतं. वर पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण, माती ओलीच राहते आणि कंद सडतो. मग लोक रिव्ह्यूत लिहितात "एका सीझनमध्ये मेलं, फसवणूक". अहो पाणी बंद करा, पानं आपोआप वाळेपर्यंत कापू नका, कुंडी पाऊस लागणार नाही अशी ठेवा, बास. कंद काढून ठेवायचे तर कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), फ्रिजमध्ये अजिबात नको, १५ डिग्रीच्या खाली त्यांना सोसत नाही.

आणि ट्यूलिपचं नेमकं उलटं, त्याला १० डिग्रीच्या खाली साधारण १२ ते १६ आठवडे थंडी मिळाली नाही तर दांडा नीट वाढतच नाही. म्हणजे तो फ्रिजमध्येच ठेवा, फक्त फळांपासून लांब, फळांतून निघणाऱ्या इथिलीन गॅसने आतली कळी मरते. एका पाकिटात ही दोन टोकं आणि कार्ड एकच, धन्य आहे!

कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे खत टाका. झोपलेल्या कंदाला खत??

फुटबॉल लिली मात्र पैसा वसूल. झोप संपली की ठिपक्यांचा जाड दांडा मातीतून वर येतो आणि त्यावर बारीक लाल फुलांचा गच्च गोळा, पानं मागाहून सावकाश.

कंदांना ५ स्टार, कार्डला शून्य, म्हणून ३ देतोय. आणि हो, कळलावी विषारी असते, तिचा कंद तर खासच, हेसुद्धा कार्डवर नाही, तेव्हा घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर पाकीट आलं की आधी तो कंद वेगळा काढून वरच्या फळीवर ठेवा.