तीन किलो घटले, ते कशाचे?

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जात असाल आणि कुणी हसतमुख ताई 'मोफत बॉडी चेकअप'चं कूपन हातात देऊ लागली, तर तिच्यापासून जपा. माझे साडेनऊ हजार त्या कूपनामागेच गेले.

वजन घटवून देणारं हे सेंटर कॉलेज रोडवरच्या एका गाळ्यात. अनवाणी मशीनवर उभं केलं, चिठ्ठी निघाली: वजन ७८, 'शरीराचं वय' ५६. माझं वय ४१. त्या ५६ला लाल पेनाने गोल करून चिठ्ठी पुढ्यात सरकवली, की भलाभला पाकीट काढतो. हे मशीन पायातून सौम्य वीज सोडून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलात, जेवलात का, यावरही आकडा हलतो. माझं पहिलं वजन केलं संध्याकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, जीन्ससकट. नंतरची सगळी सकाळी, उपाशीपोटी. किलोभर तर इथेच मारला!

सकाळ-रात्र पाण्यातून पावडरचा शेक, दुपारी एक पोळी, वाटीभर भाजी आणि काकडी. डब्यावर ठळक छापलेला प्रथिनांचा आकडा १०० ग्रॅम पावडरचा, चमचा मात्र २५ ग्रॅमचा. दिवसाच्या जेमतेम साडेचारशे कॅलरी पोटात जायच्या. ८००च्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. इथे देखरेखीला ताई, शिक्षण विचारलं तर म्हणे, "मी स्वतः अठरा किलो कमी केलेत, मॅडम."

पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले. सेंटरच्या ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. आता हिशोब बघा. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यात तीन किलो चरबी जायची तर रोज ३,३०० कॅलरींची तूट हवी, आणि माझ्या शरीराची दिवसाची गरजच दोन हजारांच्या आसपास. नुसती हवा खाऊन राहिले असते तरी जमलं नसतं. उतरलं ते बहुतेक पाणी: उपाशी राहिलं की शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, संपतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे धरलेलं तिप्पट पाणीही निघून जातं.

पुढे जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी, घरात चिडचिड, आणि काही महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके. ताईंच्या मते 'टॉक्सिन बाहेर पडताहेत'. त्यावर केसांसाठी आणखी एक डबा, अठराशेचा. तो घेतला नाही, डॉक्टर गाठले. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात, आणि वजन झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडेही होऊ शकतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दीड हजार कॅलरी बांधून दिल्या: भाकरी, उसळ, अंडी, ताक. आता वजन हळूहळू उतरतंय, आणि भांडणंही.

पैसे मात्र अडकलेत. पावतीवर नुसतं 'सभासद वर्गणी', पावडरचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा "मग टॅक्स वर पडेल" असं सेंटरवाले म्हणाले होते. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर दाखवून गप्प करतात. तो धंद्याच्या परवान्याचा, वजन उतरण्याच्या हमीचा नव्हे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद आणि अर्धा उरलेला डबा जपून ठेवलाय. 'दहा दिवसांत पाच किलो, गॅरंटी' हा मेसेज ताईंनी ग्रुपवरून उडवला आणि पाठोपाठ मलाही. स्क्रीनशॉट मी आधीच काढला होता.